कर्णा, पेटी आणि खोली

रायपूरच्या आमच्या घरासाठी स्पीकरची एक चांगली जोडी घ्यावी, असे दोन वर्षांपूर्वी माझ्या मनात आले. सरकारी नोकरीत खरेदीची प्रकरणे मी पुष्कळ हाताळली आहेत. गरज लिहून काढावी, दरपत्रके मागवावीत, तुलनात्मक तक्ता करावा आणि निर्णय घ्यावा, ही रीत आता अंगवळणी पडली आहे. तेव्हा दोन स्पीकर घेणे ते काय मोठेसे, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात हे प्रकरण आठ महिने चालले.

विलंबाचे कारण होते एक कॅसेट. १९८६ सालच्या गणेशोत्सवात बाबांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर आईचे एक भजन उतरवून घेतले होते. तबल्याला शेजारचे काका होते. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिच्या आवाजाची आमच्यापाशी एवढीच काय ती खूण. नव्या स्पीकरवर पहिल्यांदा हे भजन लावायचे, ही बाबांची एकमेव अट. मी ते संगणकावर उतरवून घेतले आणि बाबांना एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने आपल्याकडील सर्वांत किमती जोडी लावली. आवाजाने दालन भरून गेले. दोन ओळी ऐकून बाबा उठले आणि म्हणाले, "आवाज मोठा आहे रे; पण ही ती नव्हे."

या शेऱ्यावर काय टिपणी लिहावी हे मला कळेना. मग अधिकाऱ्याच्या सवयीप्रमाणे मी जुने दप्तर उघडले. घरात आवाज आणण्याची खटपट मनुष्य केव्हापासून करीत आला, आणि हा आवाज खरा, तो खोटा, हे त्याने कशावरून ठरविले, याचा शोध घेऊ लागलो. त्या शोधाचीच ही हकीकत.

आवाज साठविता येतो, हे एडिसनने १८७७ साली दाखवून दिले. फिरत्या नळकांड्यावर कथलाचा वर्ख, त्यावर टोचणारी सुई आणि बोलण्यासाठी एक तोंड, एवढाच तो संसार. पुढे दहा वर्षांनी बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी योजिली. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या शेवटी ती आपले नाव इंग्रजीत सांगे. १९०८ पासून कलकत्त्यातच तबकड्या निघू लागल्या. मुंबई–हावडा लोहमार्गावरच्या आमच्या रायपुरास याचा लाभ न होता तरच नवल. १८ व्या शतकात भोसल्यांच्या अंमलाबरोबर मराठी कुटुंबे छत्तीसगडात आली, नागपूर राजधानी असेपर्यंत येतच राहिली, आणि त्यांची नाट्यपदांची आवडही त्यांच्यासोबत आली. आमच्या आजोबांच्या फोनोच्या तबकड्या कलकत्त्याकडून येत आणि त्यांवरचे गळे बहुधा मुंबई-पुण्याकडचे असत.

त्या काळच्या यंत्रात विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावे, त्या धक्क्याने पडदा हलावा, पडद्याने सुई हलवावी आणि सुईने मेणावर रेघ ओढावी. ऐकताना हाच क्रम उलटा. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू शकतो. कर्ण्याच्या हाती त्यांतली साधारण २०० ते २,५०० पर्यंतचीच काय ती लागत. त्यामुळे डग्याचा घुमारा गेला, 'स' आणि 'श' यांतला भेद पुसला आणि तानपुरा तर जवळजवळ नाहीसाच झाला.

तरीही लोक फसत होते, किंबहुना आनंदाने फसत होते. १९१५ पासून पुढे सुमारे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी एक प्रयोग केला. रंगमंचावर गायिका उभी, तिच्या शेजारी यंत्र. दिवे मालवीत आणि आता गाते ती गायिका की यंत्र, हे प्रेक्षकांनी ओळखायचे. दिवे लागत तेव्हा गायिका रंगमंचावर नसेच, यंत्र एकटेच गात असे; आणि सभागृह थक्क होई. यातले मर्म पुढे उघड झाले. त्या गायिका आपला गळा आवरून, यंत्राच्या आवाजाशी मिळेल असाच लावीत असत. यंत्र माणसापर्यंत पोहोचले नव्हते. माणूस यंत्रापर्यंत खाली उतरला होता.

आपल्याकडे हा करार वेगळ्या अटींवर झाला. तासभर चालणारा ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागला. पुष्कळांनी तो बसविला आणि सुंदर बसविला. अल्लादियाखाँसाहेबांनी मात्र तबकडीसाठी गाण्याचे नाकारले. १९४६ साली ते गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा आवाजही गेला. आज आपल्याला याची हळहळ वाटते. परंतु 'मी जसा आहे तसा येत नसेन, तर येणारच नाही', या त्यांच्या भूमिकेत बाबांच्या 'ही ती नव्हे'चाच ध्वनी मला ऐकू येतो.

कर्ण्याचे राज्य संपले १९२५ च्या सुमारास. ध्वनिमुद्रण विजेच्या साहाय्याने होऊ लागले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी आजच्या स्पीकरचा नमुना जगापुढे मांडला. त्याची रचना विलक्षण साधी आहे. लोहचुंबकाच्या खाचेत तारेचे एक वेटोळे असते आणि ते कागदाच्या शंकूला जोडलेले असते. वेटोळ्यातून वीज वाहिली की ते मागे-पुढे सरकते, शंकूही सरकतो आणि हवेला धक्के देतो. ही कल्पना तशी जुनी होती. ऑलिव्हर लॉज याने १८९८ सालीच तिचे एकस्व घेतले होते. पण दुबळ्या विजेला बळ देणारी निर्वात नळी तेव्हा नसल्यामुळे ती कागदावरच राहिली. राइस-केलॉग यांच्या हाती ती नळी होती. आज शंभर वर्षे उलटली, तरी घरोघरच्या बहुतेक स्पीकरांत हाच शंकू आणि हेच वेटोळे आहे.

या बदलाने काय साधले, ते अब्दुल करीमखाँसाहेबांच्या तबकड्यांवरून कळते. १९०५ च्या सुमारास ते कर्ण्यात गायले आणि १९३० नंतरच्या दशकात मायक्रोफोनपुढे. पहिल्या मुद्रणात एक तरुण गवई दूर डोंगरापलीकडून हाक मारतो आहे, असा भास होतो. दुसऱ्यात तोच गवई, वयाने वाढलेला, आपल्या समोर बसून तानपुऱ्याच्या गुंजारवात स्वर मिळवतो. माणूस तोच, यंत्राने मधले अंतर कमी केले.

पण शंकूबरोबर एक नवी अडचण उभी राहिली. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या स्वरांत या दोन लाटा कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि परस्परांना गिळून टाकतात. म्हणून शंकूचे पुढचे आणि मागचे अंग वेगळे ठेवणारी पेटी हवी. पेटी मोठी असेल तर खर्ज चांगला उतरतो. पण कपाटाएवढी पेटी घरात ठेवणार कुठे? १९५४ साली एडगर विल्चर याने यावर तोड काढली. पेटी लहानच ठेवावी आणि पूर्णपणे बंद करावी. आत कोंडलेली हवाच शंकूला स्प्रिंगसारखी परत ओढील. पुस्तकांच्या फळीवर मावणारे खोके यामुळे खर्जात बोलू लागले. दुसरी वाट भोकाच्या पेटीची. मडक्याच्या तोंडाशी फुंकर घातली की ते आपल्या एका ठरावीक स्वरात घुमते. त्याच तत्त्वाने पेटीला भोक ठेवून तिचा घुमारा कामाला लावता येतो. परंतु भोक केवढे आणि पेटी केवढी, हा सुताराच्या अंदाजाचा भाग होता. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील याने १९६१ साली त्याचे गणित मांडले. पुढच्या दशकात रिचर्ड स्मॉल याने ते पूर्णत्वास नेले. तेव्हापासून पेटी करण्यापूर्वीच ती कशी वाजेल, हे कागदावर सांगता येऊ लागले.

आमच्या रायपुरात पेटीचे युग खऱ्या अर्थाने उजाडले ते १९६३ च्या २ ऑक्टोबरला. त्या दिवशी आकाशवाणीचे रायपूर केंद्र सुरू झाले. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे होते. रेडिओचा परवाना पोस्टात जाऊन काढावा लागे. दिवाणखान्यात उंचावर, भरतकामाच्या रुमालाखाली, लाकडी पेटीचा रेडिओ विराजमान असे आणि त्याचे बटण फिरविण्याचा अधिकार एकट्या आजोबांचा. एकच स्पीकर, पुढे जाळीचे कापड, मागे लाकडी पेटीचा ऊबदार घुमारा. बाबांचा कान या पेटीवर घडला. योगायोग असा, की फिलिप्स कंपनीने कॅसेट जगापुढे आणली तीही १९६३ सालीच. पुढे जिच्यात आईचा आवाज राहायचा होता, ती डबी आणि बाबांचे रेडिओ केंद्र एकाच वयाचे.

दोन स्पीकरांची कथा त्याहून जुनी आहे. ॲलन ब्लमलाइन हा तरुण इंग्रज अभियंता भावी पत्नीबरोबर चित्रपट पाहावयास गेला होता, असे सांगतात. पडद्यावरचा नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेला, पण त्याचा आवाज मात्र जागचा हलला नाही. हे त्याला खटकले. १९३१ च्या डिसेंबरात त्याने एकस्वासाठी अर्ज केला. आपण ज्याला स्टीरिओ म्हणतो त्याचा पाया त्यात होता. १९४२ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, युद्धातील रडारच्या चाचणीत विमान कोसळून तो मरण पावला. स्टीरिओच्या तबकड्या बाजारात रुळल्या त्या १९५८ पासून. त्या पाहावयास तो नव्हता.

येथवर वाचल्यावर कर्णा समजला, पेटी समजली. बाबांचा शेरा मात्र अजून समजला नव्हता. तो समजला एका भारतीय नावापाशी आल्यावर. अमर बोस हा अमेरिकेत जन्मलेला एका वंगीय क्रांतिकारकाचा मुलगा. विद्यार्जन संपविल्यावर १९५६ साली त्याने आपल्यासाठी एक उत्तम संच घेण्याचे ठरविले. तो स्वतः विद्युत अभियंता. कागदावरील आकडे तपासून त्याने सर्वांत सरस संच निवडला आणि घरी आणला. ऐकून तो निराश झाला. स्वतः व्हायोलिन शिकलेला असल्यामुळे हा आवाज व्हायोलिनचा नव्हे, हे त्याला तत्काळ कळले. आकडे चांगले आणि आवाज वाईट, असे का व्हावे? या प्रश्नामागे तो अनेक वर्षे लागला. बॉस्टनच्या सिंफनी सभागृहात मोजमापे घेतल्यावर त्याला आढळले, की तेथे श्रोत्यापर्यंत येणारा बराचसा ध्वनी वाद्यापासून सरळ येतच नाही. तो भिंतींवरून आणि छतावरून परतून येतो. १९६८ साली त्याने नऊ लहान शंकूंचा स्पीकर काढला. त्यांतला एक श्रोत्याकडे आणि आठ मागील भिंतीकडे तोंड केलेले! हा उपाय योग्य की अयोग्य, याविषयी जाणकारांत पुष्कळ वाद झाले. पण त्याचा प्रश्न खरा होता: आपण नुसती पेटी ऐकत नाही, खोलीही ऐकतो.

त्या सभागृहाचाही एक पूर्वेतिहास आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा एक शब्द कळत नसे. ते दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर आले. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या उचलून आणी, व्याख्यानगृहात मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवी आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजी. पहाटे गाद्या परत जागच्या जागी. किती गाद्यांनी किती घुमारा शोषला जातो, याचा नियम त्याला यातून सापडला आणि त्याच्या आधारे १९०० साली बॉस्टनचे ते सभागृह उभे राहिले. खोलीच्या आवाजाचे शास्त्र असे गाद्या वाहता वाहता जन्मास आले.

आता प्रश्न उरला परीक्षेचा. खरे-खोटे ठरवायचे कोणी? ब्रिटिश नभोवाणीच्या अभियंत्यांनी यासाठी जे साधन वापरले ते मोठे मार्मिक आहे: मनुष्याचे बोलणे. माणूस प्रत्यक्ष बोलतो आहे आणि त्याचाच आवाज स्पीकरमधून येतो आहे, यांची ते तुलना करीत. कारण व्हायोलिन सर्वांनी जवळून ऐकलेले नसते. पण माणसाचा आवाज प्रत्येक कानाला जन्मापासून ठाऊक असतो. या अभियंत्यांपैकी स्पेन्सर ह्यूज याने १९६९ साली स्वतःचा कारखाना काढला आणि त्याला नाव दिले 'स्पेंडॉर': अर्धे स्वतःचे, अर्धे पत्नी डोरोथीचे. दुसरे साधन कॅनडाच्या फ्लॉइड टूल याचे: पडदा. स्पीकर दिसत असताना श्रोते जे गुण देतात ते पडदा ओढल्यावर बदलतात, हे त्याने व त्याच्या सहकाऱ्याने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाखविले. आकार, किंमत आणि नाव यांची भूल डोळ्यांवाटे कानात शिरते. आमच्या खात्यात निविदा मोहोरबंद लिफाफ्यात का मागवितात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

मग मी हीच रीत घरी अवलंबिली. मित्रांकडून तीन जोड्या काही दिवसांसाठी मागून आणल्या आणि पुढे पलंगपोस टांगला. आम्हा भारतीयांना बोलण्याच्या जोडीला आणखी एक कसोटी हवी: तानपुरा. घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावली, की एका तारेतून अनेक वरचे स्वर उमलतात. स्पीकरने वरच्या पट्टीत काही कमी-जास्त केले, तर ही जवारी एकदम आंधळी किंवा कर्कश होते. आमच्या शेजारची एक मुलगी खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिकते. १९५६ साली स्थापन झालेल्या या विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद पुढे आचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी भूषविले होते. ती सुटीत आली तेव्हा तिचा तानपुरा आमच्या खोलीत ऐकला, मुद्रित केला आणि पडद्यामागून तिन्ही जोड्यांवर पुन्हा ऐकला. बाबांनी जी जोडी निवडली ती बंद पेटीची, मध्यम आकाराची आणि मधल्या किमतीची निघाली. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून पुन्हा विचारले; उत्तर तेच आले. तीच जोडी विकत घेतली.

मोठ्या उमेदीने आईचे भजन लावले. बाबा म्हणाले, "जवळ आली, पण अजून नाही."

तेव्हा सॅबिन आठवला. आमची खोली १४ फूट लांब. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, रायपूरच्या उन्हाळ्यासाठी केलेले सारे गार आणि टणक. एवढ्या लांबीच्या खोलीत सेकंदाला सुमारे ४० कंपनांचा ध्वनी आणि त्याच्या पटीतले ध्वनी फुगतात. कोपऱ्यात ते सर्वांत जास्त फुगतात, आणि स्पीकर मी नेमके कोपऱ्यात ठेवले होते. भिंतीलगतही ते फुगतात, आणि बाबांची खुर्ची नेमकी मागच्या भिंतीला टेकलेली. काकांच्या डग्याचा घुमारा आणि टेपमधली विजेची घरघर, ही दोन्ही त्यामुळे वाढून आईच्या आवाजावर पसरत होती. यात दोष पेटीचा नव्हता. मांडामांड करणाऱ्याचा होता.

स्पीकर कोपऱ्यांतून काढून तीन फूट पुढे घेतले. बाबांची खुर्ची भिंतीपासून हलविली. खुर्ची आणि दोन स्पीकर यांमधली अंतरे सुतळीने मोजून सारखी केली. फरशीवर सतरंजी घातली, मागे पुस्तकांचे कपाट सरकविले आणि बाजूच्या भिंतीवर आईने शिवलेली गोधडी टांगली. हे सारे करावयास एक रविवार पुरला आणि खर्च काहीच आला नाही.

संध्याकाळी भजन पुन्हा लावले. घरच्या त्या टेपरेकॉर्डरला एकच मायक्रोफोन होता. म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच एक आवाज निघतो. अशा वेळी मांडणी बरोबर असेल, तर तो आवाज या पेटीतून येत नाही आणि त्याही पेटीतून येत नाही. दोहोंच्या मध्ये, जेथे काहीच ठेवलेले नाही, तेथून येतो. बाबा डावीकडे पाहीनात, उजवीकडे पाहीनात. कपाटाच्या आणि आपल्या मधल्या त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिले. दुसरी ओळ उचलण्यापूर्वी आई श्वास घेते. इतकी वर्षे आम्ही ती कॅसेट ऐकली. तो श्वास मला त्या दिवशी प्रथम ऐकू आला. बाबांना मात्र तो ओळखीचा होता.

"हं," ते म्हणाले, "आता राहू दे असेच."

कर्ण्याच्या काळात माणसाने आपला आवाज यंत्राला जुळवून घेतला. पेटीच्या काळात यंत्र माणसाकडे येण्याची वाट शोधू लागले. खोली मात्र कोणत्याही कारखान्यातून येत नाही. ती ज्याची त्यालाच लावावी लागते. आणि आवाज खरा की खोटा, हा अखेरचा शेरा ज्याने ते माणूस जवळून ऐकले आहे, त्यानेच द्यावयाचा असतो. आमच्या घरातले ते प्रकरण आता निकाली निघाले आहे. गोधडी भिंतीवरच आहे.